मास्तरांच्या गाडीची डावी बाजू

मास्तरांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम. जावयानं तो शनिवारी दुपारी अडीच वाजता मोडला. हत्यारं म्हणजे दोन बादल्या पाणी, शाम्पूची बाटली आणि एका मित्राकडून उसनं आणलेलं पॉलिशचं मशीन.

मास्तर म्हणजे त्याचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आसपासची निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली होती आणि मास्तरांची लाकडी पट्टी त्या सगळ्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होती. क्लच सोडताना पाय थरथरला की पट्टी. आरसा न बघता वळलं की पट्टी. जावईही तिथलाच विद्यार्थी. लोक महिन्याभरात शिकून जात, हा सात महिने शिकत राहिला, कारण स्कूलच्या ऑफिसात फॉर्म भरून घ्यायला मास्तरांची मुलगी बसायची. पुढे मुलगी मिळाली, लायसन्स मिळालं, पण मास्तरांच्या तोंडून एक साधं ‘ठीक आहे’ काही मिळालं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मास्तर शेजारी बसले की त्याचा दुसरा गिअर पडत नसे. सांगायला लाज वाटते, पण तो त्यांना घाबरायचा. चांगला बाप झालेला, टक्कल पडायला लागलेला माणूस, आणि मास्तर खाकरले तरी ह्याच्या छातीत धस्स व्हायचं.

सहा आठवड्यांपूर्वी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जावई, त्याची बायको आणि नऊ वर्षांची टिल्ली असे तिघं मास्तरांकडेच राहायला आले होते. पुढच्या आठवड्यात मास्तर सत्तरीचे होणार होते. त्यांची गडद लाल गाडी उन्हानं निस्तेज झाली होती. जावयाचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा. अठरा वर्षं तो फिरत्या चाकावर कवळ्या चमकवत होता. कवळी चमकवता येते तर गाडी का नाही, एवढाच त्याचा हिशोब. असल्या हिशोबांनीच माणसं खड्ड्यात जातात.

बायकोला त्यानं सकाळी कानात सांगितलं होतं. ती हसून म्हणाली, “गाडीचे दात घासणार तू? घास. बाबांना कळलं तर मी तुला ओळखत नाही.” आणि ती ड्यूटीवर निघून गेली.

मास्तरांना घराबाहेर काढणं सोपं होतं. शनिवारी टिल्लीचा पोहण्याचा क्लास असे. मास्तर तिला घेऊन जात, काठावरच्या बाकावर बसून राहत आणि परत आणत. जावयानं आपली गाडी मुद्दाम त्यांच्या गाडीच्या मागे आडवी लावून ठेवली आणि वेळ झाल्यावर किल्ली पुढे केली.

“माझीच न्या ना मास्तर. परत काढा, लावा, कशाला ती यातायात?”

मास्तरांनी किल्लीकडे बघितलं, मग गाडीकडे. एरवी फाडकन नाही म्हणणारा माणूस, त्या दिवशी जरा घुटमळला.

“लांब आहे तुझी गाडी,” ते म्हणाले. “आरसेही वेगळे.”

“तुम्हाला काय मास्तर, तुम्ही बस चालवाल.”

ही मखलाशी होती आणि ती लागू पडली. शिवाय टिल्लीनं तोवर दार उघडून पुढच्या सीटवर बस्तान ठोकलं होतं आणि उशीर होतोय म्हणून आरडाओरडा चालवला होता. मास्तरांनी किल्ली घेतली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि जावयानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सुरुवात झकास झाली. त्यानं गाडी दोनदा धुतली, एका बादलीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. मग मातीसारखा मऊ गोळा घेऊन पत्र्यावरून फिरवला. रंगात रुतून बसलेली धूळ त्याला चिकटून निघाली आणि पत्रा बोटाखाली गुळगुळीत लागायला लागला. काचांवर कागद, रबराच्या पट्ट्यांवर आणि कडांवर टेप. कडेला रंग पातळ असतो, तिथं मशीन टेकलं तर खालचा पत्रा दिसायला वेळ लागत नाही, हे त्यानं तीन-तीनदा वाचलं होतं. त्यानं आधी बॉनेट घेतलं, मग उजवी बाजू. मशीन घूं करत फिरत होतं, पांढरट लेप पसरत होता, पुसला की खालून ओला असल्यासारखा लाल रंग वर येत होता. पुढच्या दारात त्याला स्वतःचं नाक दिसलं. नाकावर लेपाचा ठिपका होता. तो एकटाच हसला.

आता डावी बाजू. ती गाठायची तर गाडी हलवणं भाग होतं, कारण मास्तर गाडी लावायचे ती डावी बाजू कुंपणाच्या भिंतीला खेटून. भिंत आणि गाडी ह्यांच्यात चार बोटं जागा, पाचवं जायचं नाही. घरी पाहुणे आले की त्यांना हे मुद्दाम दाखवलं जाई. जावयानं खुंटीवरची दुसरी किल्ली आणून दार उघडलं, हँडब्रेक सोडला, खांदा लावला आणि गाडी अंगणाच्या मधोमध ढकलली.

डावी बाजू पहिल्या नजरेला ठीक होती. किंचित जाड, किंचित मंद, चेहऱ्याला पावडर जास्त झाल्यासारखी. त्यानं पॅडवर लेपाचे चार थेंब टाकले, मागच्या दाराला मशीन टेकवलं आणि दोन हात फिरवले.

पुसून बघतो तर दारावर हातभर लांब ओरखडा.

त्यानं मशीन बंद केलं. ओरखड्यावरून बोट फिरवलं. नख अडकत होतं. पॅडमध्ये खडा आला असणार, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि पॅड काढून नळाखाली तीनदा पिळला. खडा काही निघाला नाही. त्यानं दुसरा, कोरा पॅड लावला, श्वास धरला आणि अगदी हलक्या हातानं जरा पुढं फिरवला.

पुसलं. आता तीन ओरखडे.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण भ्यालेला माणूस शहाणा कुठून असणार? मास्तर यायच्या आत हे घालवलंच पाहिजे ह्या एका विचारानं तो पॉलिश करत सुटला, आणि जितकं घासावं तितके नवीन निघत गेले. पुढच्या दारावर, खाली पट्टीवर, चाकाच्या वरच्या गोलाईवर. शर्ट पाठीला चिकटला. त्यानं मशीन खाली ठेवलं. मास्तर फाटकातून आत येताहेत, गाडीकडे बघताहेत आणि एक शब्द बोलत नाहीत, असं चित्र त्याच्या डोळ्यापुढे आलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

मग त्याचं लक्ष पॅडकडे गेलं. पॅडच्या मधोमध काहीतरी गोळा होऊन बसलं होतं, लालसर आणि चिकट. त्यानं ते नखानं काढलं, दोन बोटांत मळलं, नाकाशी नेलं. अठरा वर्षं ज्या माणसानं मेणाचे दात कोरले त्याला मेण ओळखायला कितीसा वेळ लागणार? ते मेण होतं. मेणबत्तीचं, रंग मिसळलेलं. त्यानं एका ओरखड्याच्या टोकाला नख घातलं, तेव्हा तिथून लाल रंगाची पातळ कपची सालीसारखी सुटून आली. फडक्यावर थोडं थिनर घेऊन पुसलं तर ती विरघळली. नेलपॉलिश!

म्हणजे मशीननं ओरखडे पाडले नव्हते. ते आधीपासूनच होते. कुणीतरी ते बुजवले होते, रंगवले होते, वरून मेण चोपडलं होतं, आणि ह्यानं ते सगळं उघडं पाडलं होतं.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो पायरीवर बसला. गाडी मी बिघडवली नाही. देवा, मी बिघडवली नाही. असं एखादा मिनिट चाललं.

मग बसल्या जागेवरून त्यानं नीट बघितलं. बंपरच्या कोपऱ्यावर हिरवा रंग घासला गेला होता, कुणाच्या तरी फाटकाचा असावा. खालच्या पट्टीत पांढरा. मागच्या दारावर, हँडलच्या थोडं खाली, काळ्या रबराचा डाग आणि तिथून खाली उतरत गेलेल्या चार बारीक रेघा. एवढ्या उंचीवर काय असतं, ह्याचा त्यानं विचार केला. सायकलची मूठ असते. सायकलच्या मुठीला माणसाचा हात असतो.

तो उठून उजव्या बाजूला गेला. तिथं एक रेघ नव्हती. पुन्हा डावीकडे आला आणि मोजायला लागला. चौदापर्यंत मोजून त्यानं सोडून दिलं. सगळं डावीकडे. चाळीस वर्षं दुनियेला आरशात बघायला शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीला चौदा ओरखडे, आणि एकही उजवीकडे नाही.

आता जी भीती आली ती वेगळी होती. मघाची भीती पट्टीची होती. ही कशाची, हे विचारायला तो आत गेला.

सासूबाई आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून शब्दकोडं सोडवत पडल्या होत्या. जावई दारात उभा राहिला, लेपानं माखलेला.

“आई, मी मास्तरांच्या गाडीला पॉलिश करत होतो.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “कुठल्या बाजूला?”

रागावल्या नाहीत, का केलंत म्हणाल्या नाहीत. फक्त कुठली बाजू. त्या एका प्रश्नानं त्याला बाकीचं सगळं कळलं, तरी त्यानं उत्तर दिलं.

“दोन्ही.”

सासूबाईंनी डोळे मिटले. “मी म्हणत होते ह्यांना, मेणाच्या भरवशावर राहू नका.”

“ते तुम्ही केलंत?”

“नेलपॉलिश माझं. तीन रंग मिसळले तेव्हा तो लाल जमला. मेण ते लावायचे, मला पुसायला खाली वाकता येत नव्हतं.” मग जरा थांबून, अशाही वेळी, “लांबून कळत नव्हतं ना?”

“आई, मास्तरांना डावीकडचं दिसत नाही का?”

सासूबाईंनी चादरीची घडी मोडली आणि परत घातली.

“काचबिंदू आहे,” त्या म्हणाल्या. “वर्ष होऊन गेलं. डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळतो. उजव्याचंही कडेचं कमी झालंय. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, गाडी बंद. घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, गाडी सोडली तर मी करायचं काय? भिंतीकडे बघत बसू? मग मीच म्हटलं, मी बसते शेजारी. मी सांगते डावीकडचं.”

जावयाला आठवलं. सासूबाईंची गाडीतली बडबड म्हणजे घरातला हुकमी विनोद होता. डावीकडे सायकल. डावीकडे बाई, हातात पिशवी. डावीकडे खांब, अहो खांब! त्याची बायको प्रत्येक लग्नकार्यात आईची ही नक्कल करून दाखवायची आणि सगळे पोट धरून हसायचे. हाही हसायचा. सासूबाईही हसायच्या. वर्षभर ही बाई नवऱ्याचा डोळा होऊन बसली होती आणि सगळं घर दात काढत होतं.

“पण तुम्ही तर सहा आठवडे अंथरुणावर आहात,” तो म्हणाला. “मग आता कोण सांगतं?”

“म्हणाले, मला जमतं. सावकाश जातो, मान वळवून बघतो.”

“आणि तो काळा डाग? मागच्या दारावरचा?”

सासूबाई चादरीत पेन्सिल शोधायला लागल्या.

“आई, सायकल होती ना ती?”

“खरचटलं होतं नुसतं,” त्या घाईनं म्हणाल्या. “आपल्या पायानं उठून गेला तो माणूस. महिना झाला. त्यानंतर काही नाही झालेलं. शपथ घेतली होती त्यांनी माझ्यासमोर, की पोरीला घेऊन जाताना...” आणि त्या तिथंच थांबल्या. “पोर मागे बसते ना? मागे, उजवीकडे. मी बजावलंय त्यांना.”

“पुढे बसलीय,” जावई म्हणाला. “आज पुढेच बसली.”

पुढे म्हणजे डावीकडे. चौदा ओरखडे ज्या बाजूला होते त्या बाजूला टिल्ली बसली होती. आणि गाडी मास्तरांच्या सवयीची नव्हती. गाडी ह्याची होती, वीतभर लांब, आरसे वेगळे. त्यांनी तसं सांगितलंही होतं. घुटमळले होते. आणि ह्यानं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून किल्ली हातात कोंबली होती.

त्यानं मास्तरांना फोन लावला. बाहेरच्या खोलीत, टेबलाच्या खणात, फोन वाजायला लागला. गाडीत फोन न्यायचा नाही, हाही मास्तरांचाच नियम.

त्यानं पोहण्याच्या तलावावर फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग एका बाईनं उचलला.

“मास्तर? ते निघाले की. दहा मिनिटं झाली. पोरगी टाटा करून गेली.”

तलावापासून घर वीस मिनिटांवर. बायकोला फोन करावा म्हणून त्यानं नंबर काढला आणि परत ठेवला. काय सांगणार होता? तुझ्या बापाला दिसत नाही आणि मी त्यांच्या ताब्यात आपली पोर दिली? तो अंगणात धावला, मास्तरांच्या गाडीच्या काचेवरचे कागद ओरबाडून काढले, आत बसला, ती दुसरी किल्ली फिरवली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तलावाकडून यायला दोन रस्ते आहेत, आणि मास्तर कधी ह्यानं येतात, कधी त्यानं. एकावर शोधत गेला आणि ते दुसऱ्यानं आले तर? त्यानं गाडी बंद केली. दोन्ही रस्ते घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मिळत होते. थांबायचं तर इथंच थांबायला हवं होतं.

तो फाटकाच्या डाव्या खांबाशी जाऊन उभा राहिला. हातात पिवळं फडकं तसंच होतं.

वाट बघणं म्हणजे काय हे त्याला वाटायचं आपल्याला माहीत आहे. टिल्ली जन्मली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्यानं रात्र काढली होती. पण तेव्हा दार तरी होतं, दारातून नर्स येत-जात होती. इथं समोर नुसता रस्ता होता आणि तो दुपारचा, शांत, रोजच्यासारखा. एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली. एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला. एक सायकल गेली, कडेकडेनं, डावीकडून. त्या सायकलवाल्याकडे तो असा बघत राहिला की त्या बिचाऱ्यानं मागं वळून पाहिलं.

लांब कुठंतरी रुग्णवाहिकेचा आवाज सुरू झाला. त्यानं खांब धरला. आवाज वाढला, तसाच राहिला, मग कमी होत दुसऱ्या दिशेला गेला. दुसऱ्या दिशेला गेला म्हणून त्याला बरं वाटलं, आणि दुसऱ्या कुणाच्या घरावरचं संकट ऐकून आपल्याला बरं वाटलं ह्याची त्याला तिथल्या तिथं शरमही वाटली. आतून सासूबाई हाका मारत होत्या, “आले का? अहो, आले का?” तो दर वेळी “नाही” म्हणत होता.

आणि मग कोपऱ्यावर त्याची राखाडी गाडी दिसली.

ती सावकाश येत होती. अगदी पुस्तकातल्यासारखी. कोपऱ्यावर थांबली, वळली, वळल्यावर सरळ झाली. काचेतून मास्तरांचे पांढरे केस दिसले. शेजारी टिल्लीचं ओलं डोकं दिसलं. त्यानं पिवळं फडकं डोक्यावर धरून हलवलं. इथंच थांबा, आत वळू नका, असं त्याला सांगायचं होतं. टिल्लीनं त्याला बघितलं आणि हसून हात केला.

गाडीनं डावीकडचा दिवा लावला.

तो खांबाच्या पुढे एक पाऊल रस्त्यात आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. भर उजेडात, दहा पावलांवर, पिवळं धमक फडकं घेतलेला बाप्या माणूस. मास्तरांची मान डावीकडे वळली. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. नजर त्याच्यावरून गेली, खांबावरून गेली आणि परत समोर आली, जशी रिकाम्या जागेवरून येते. चेहऱ्यावर काही हललं नाही. गाडी वळली.

त्याला बाजूला होता आलं असतं. मागं खांब होता, पण उडी मारायला वेळ होता. त्याला ते सुचलंच नाही. ते डोळे आपल्यावरून तसे गेलेले बघून तो जागच्या जागी गोठला. बंपर गुडघ्याला लागला, गाडी आणखी टीचभर पुढे आली आणि पाठ खांबाला टेकली.

“बाबा!” आतून टिल्ली किंचाळली. “आजोबा, बाबा!”

ब्रेक लागला. गाडी आचका देऊन बंद पडली.

मग मास्तरांनी गाडी बोटभर मागं घेतली, हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तोच, चाळीस वर्षांचा.

“कुठून आलास तू? असं मध्ये येतात? वळणाऱ्या गाडीच्या आतल्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी!”

“मी इथंच होतो, मास्तर.”

“नव्हतास.”

“मी मघापासून हात करतोय. फडकं हलवतोय.”

“मी बघितलं डावीकडे! मान वळवून बघितलं. कुणी नव्हतं.” आणि मग त्यांना फाटकातून अंगण दिसलं. अंगणाच्या मधोमध त्यांची गाडी उभी होती, डावी बाजू रस्त्याकडे करून, उन्हात, सगळ्या रेघांसकट. त्यांनी ती बघितली. बघून त्यांचा आवाज चढला. “माझ्या गाडीला हात लावलास? कुणाला विचारून? काय करून ठेवलंस तिचं हे?”

आणि काय सांगावं, जावई गप्प बसला. जीव गेला असता, तरी सवय गेली नव्हती. गुडघा ठणकत होता, सांगायचं ते सगळं ओठांवर होतं आणि तो नेहमीसारखा खाली बघत उभा होता. मास्तर आता जिंकणार होते. सोमवारी गाडीवर परत मेण चढणार होतं आणि शनिवारी टिल्ली परत शेजारी बसणार होती. हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात गाडीचं डावं दार उघडलं. टिल्ली उतरली, पोहण्याची पिशवी छातीशी धरून. ती बापाकडे गेली नाही. आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. हुंदक्यांनी तिला धड बोलता येत नव्हतं.

“आजोबा, बाबांना नका ओरडू. माझी चूक झाली. माझं सांगायचं राहिलं.”

“काय सांगायचं राहिलं?” जावयानं विचारलं.

“आमचा खेळ आहे,” ती म्हणाली. “ते सायकलवाले काका पडले ना, तेव्हापासून. डावीकडे जे जे दिसेल ते मी मोठ्यांदा सांगायचं. एकपण चुकवायचं नाही. मी आज एकपण नव्हतं चुकवलं. शेवटपर्यंत. पण मग बाबा दिसले आणि मला वाटलं...” तिनं नाक पुसलं. “मला वाटलं, बाबा तर दिसतीलच आजोबांना. बाबा कशाला सांगायचे?”

मास्तरांचं गाडीकडे रोखलेलं बोट खाली आलं.

मग ते तिथंच फाटकात, गाडीच्या पुढे, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसले, तिच्या चेहऱ्याच्या उंचीला आले. तिला नीट बघायला त्यांना मान पूर्ण डावीकडे वळवावी लागली. ती त्यांनी वळवली, सगळ्यांसमोर.

“तुझी नाही चूक,” ते म्हणाले. “माझी. पहिल्यापासून माझीच होती.”

त्यांनी खिसे चाचपले. जावयाच्या गाडीची किल्ली आतच राहिली होती. आपल्या गाडीची होती ती त्यांनी काढली आणि वर न बघता जावयाच्या दिशेनं धरली. हात जरा चुकला, किल्ली हवेतच राहिली. जावयानं पुढं होऊन ती घेतली.

“आता खेळ नाही,” मास्तर टिल्लीला म्हणाले. “संपला तो.”

“पुढच्या शनिवारीपण नाही?”

“कधीच नाही.”

टिल्लीनं आधी बापाकडे बघितलं, मग आजोबांकडे. पिशवी खाली ठेवली. तिचे खांदे उतरले, इतके की जावयाला तेव्हा कळलं, ते महिनाभर वर चढलेले होते आणि आपण ते रोज बघत होतो.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मला ना आजोबा, दर वेळी खूप भीती वाटायची.”